आधी गोष्ट, मग विषयपत्रिका

(रौप्यमहोत्सवी समारंभाच्या संध्याकाळी केलेल्या भाषणाचा मजकूर)



सचिव मला म्हणाले, "ताई, दहा मिनिटं बोला, आणि आपल्या सभेतल्या गोष्टीबद्दलच बोला." नव्याने राहायला आलेल्यांना हा प्रकार जरा चमत्कारिक वाटतो. परवा 'क' विंगमधल्या नव्या सूनबाईंनी जिन्यात मला विचारलं, "काकू, तुमच्या सोसायटीत म्हणे सभेच्या आधी गोष्ट सांगतात?" मी म्हटलं, "सांगत नाही गं, रचतो. सगळे मिळून." तर हे कुठून आलं, त्याने आपलं काय भलं झालं आणि माझ्या हातून त्यात काय चुकलं, एवढंच आज सांगणार आहे.

सोसायटीत येण्यापूर्वी मी बरीच वर्षं एका संस्थेची कार्यकर्ती म्हणून गावोगावी पाणलोट विकासाचं काम केलं. 1996 साली आम्ही संगमनेर तालुक्यातल्या एका गावात होतो. पाणलोटाचं काम डोंगराच्या माथ्यापासून सुरू होतं. आधी वर समपातळी चर खणायचे, झाडं लावायची, मग खाली ओढ्यावर बांध घालायचे. पण चर आणि रोपं टिकायची तर काही वर्षं डोंगरावर गुरं-शेळ्या सोडता येत नाहीत. म्हणजे चराईबंदी आलीच. आम्ही गावाची सभा घ्यायचो. पुढे बसायचे विहिरीवाले, ज्यांचं पाणी वाढणार होतं. ते हात वर करायचे. मागे देवळाच्या भिंतीला टेकून बायका बसायच्या, त्या तोंडातून शब्द काढायच्या नाहीत. ठराव एकमताने मंजूर! आणि आठ दिवसांनी बघावं तर डोंगरावर शेळ्या.

आमच्यातल्या एक ज्येष्ठ कार्यकर्त्या म्हणाल्या, "या बायका प्रश्न विचारला की गप्प होतात. जात्यावर बसल्या की थांबत नाहीत. तसं काहीतरी करून बघू." ते खरंच होतं. जात्यावर एकीने ओवी धरायची आणि दुसरीने ती पुढे न्यायची, ही आपल्या बायकांची जुनी रीत. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर खेडोपाडी फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांत माहेर आहे, सासर आहे, कष्ट आहेत, आणि ज्याच्या तोंडावर बोलता येत नाही त्याच्याबद्दलचंही सगळं आहे.

मग पुढच्या सभेला आम्ही सगळ्यांना गोल बसवलं. पाण्याचा रिकामा तांब्या फिरवला. ज्याच्या हातात तांब्या, त्याने गोष्टीचं एक वाक्य जोडायचं आणि तांब्या पुढे द्यायचा. सुरुवात मी केली, "एक होता डोंगर." शेजारचा म्हणाला, "तो बोडका होता." तिसरा म्हणाला, "त्याच्या पायथ्याला सात विहिरी होत्या आणि त्या संक्रांतीलाच आटायच्या." हशा पिकला. असं करत करत तांब्या एका बाईच्या हातात आला. नवरा गेलेला, जमीन नाही, चार शेळ्यांवर घर चाललेलं. तिने तांब्या थोडा वेळ धरून ठेवला आणि खाली बघतच म्हणाली, "त्या डोंगरावर एक शेळी होती. ती म्हणाली, तुमच्या विहिरी भरंस्तोवर म्या काय खाऊ?"

कोणी हसलं नाही. तीच बाई सभेत उभी राहून "माझा विरोध आहे" म्हणाली असती, तर तिला दोन मिनिटांत खाली बसवलं असतं. पण शेळीला खाली कोण बसवणार? त्या रात्री सभा उशिरापर्यंत चालली. डोंगराचे तीन भाग करायचे, एका वेळी एकच भाग बंद ठेवायचा, आणि बंद भागातलं गवत कापून न्यायचा पहिला हक्क भूमिहीनांचा, असं ठरलं. त्यानंतरही रात्री-बेरात्री कुणाच्या शेळ्या वर जायच्याच, नाही असं नाही. पण आता त्या चोरून जायच्या आणि गाव बोलायचं. आधी सगळेच चोर होते.

आता आपल्या सोसायटीकडे येते. आपली नोंदणी 2000 सालची. तीन विंग, तळमजला अधिक तीन मजले, 48 सदनिका. जुन्या सभासदांना आठवत असेल, आपली वार्षिक सभा म्हणजे काय असायची. नोटीस चौदा दिवस आधी फळ्यावर. सभेची वेळ सकाळी दहा. दहाला हजर पाच जण, त्यांतले तीन समितीचे. गणसंख्येला 20 हवेत. मग अध्यक्षांचं ते ठरलेलं वाक्य, "गणसंख्येअभावी सभा तहकूब, अर्ध्या तासाने याच ठिकाणी." तहकूब सभेला गणसंख्या लागत नाही, हे सगळ्यांना पाठ. त्यामुळे लोक साडेदहालाच उतरायचे, आणि उतरायचे ते भांडायलाच. पार्किंग, गळती, टेरेसवरची वाळवणं, आणि वर्षानुवर्षं चाललेला लिफ्टचा विषय.

2016 च्या सभेच्या आधी तेव्हाच्या सचिवांना मी म्हटलं, तो तहकुबीचा अर्धा तास मला द्या. त्यांनी हात जोडले, "ताई, काय करायचं ते करा, फक्त इतिवृत्तात काही लिहायला लावू नका." मी खुर्च्या गोल मांडल्या आणि घरून तांब्या आणला. त्या दिवशी आम्ही अकरा मोठे आणि चार मुलं होतो. "एक होती इमारत," मी म्हटलं. कोणी म्हणालं, "तिचे गुडघे दुखत होते." कोणी म्हणालं, "तिला वर्षातून एकदा रंगाचं स्वप्न पडायचं." तळमजल्यावरचे एक काका मिस्किलपणे म्हणाले, "तिच्या पायांना वाटायचं, डोक्याचा खर्च आपण का द्यायचा?" सगळे हसले, कारण लिफ्टवर तळमजल्याचं म्हणणं नेमकं तेच होतं. आणि ते चुकीचं होतं असंही नाही. मग तांब्या तिसऱ्या मजल्यावरच्या एका नातवाकडे गेला. तो तेव्हा आठ-नऊ वर्षांचा. म्हणाला, "तिच्या डोक्यात एक आजोबा राहायचे, ते गणपती गॅलरीतूनच बघायचे."

मंडळी, ते आजोबा तीन वर्षं खाली उतरले नव्हते. आपल्यातल्या कितीजणांच्या हे लक्षात आलं होतं? माझ्याही नाही आलं, आणि मी समाजकार्य केलेली बाई! आरतीचं ताट आम्ही दरवर्षी वर पाठवत होतो आणि त्यातच खूश होतो.

लगेच लिफ्ट झाली असं समजू नका. त्या सभेत फक्त एवढंच ठरलं की अंदाजपत्रक मागवायचं. पुढे स्ट्रक्चरल इंजिनीअर, महापालिकेची परवानगी, उद्वाहन निरीक्षकाचा परवाना, यांत दोन वर्षं गेली. पैशांवरून वाद झालेच. शेवटी बांधणीच्या खर्चात तळमजल्याला सवलत दिली, आणि देखभालीचा खर्च उपविधीप्रमाणे, कोणी लिफ्ट वापरो न वापरो, सगळ्यांना सारखा. ठराव बहुमताने झाला, सात सभासदांनी विरोधात मत दिलं आणि ते तसंच नोंदवलं. 'ब' विंगची लिफ्ट सुरू झाली त्या दिवशी आजोबा खाली आले, आवारात एक चक्कर मारली आणि पहिलं वाक्य काय बोलले? "ही पार्किंगची काय दशा करून ठेवलीय तुम्ही!" आता हसताय, पण पुढची दोन वर्षं त्यांनी पार्किंग समितीला सळो की पळो केलं, हेही जुन्यांना आठवत असेल.

आता चुकीचं सांगते. त्यानंतरच्या एका सभेत गोष्ट रंगात आली होती. एकाने वाक्य जोडलं, "त्या इमारतीत एक राजा होता, तो गाडी नवी घ्यायचा आणि मेंटेनन्स मात्र जुनाच द्यायचा." कुणाबद्दल आहे ते सगळ्यांना कळलं. मोठा हशा झाला. आणि गोल सांभाळणारी मी, मीही हसले. ते गृहस्थ उठले आणि निघून गेले. नंतर कळलं की ती गाडी कंपनीची होती आणि त्यांची नोकरी त्याआधीच गेली होती. पुढे दोन वर्षं ते एकाही सभेला आले नाहीत. मी घरी जाऊन माफी मागितली तेव्हा ते एवढंच म्हणाले, "ताई, नोटीस पाठवली असती तर उत्तर देता आलं असतं. गोष्टीला काय उत्तर देणार?" त्यांच्या परवानगीनेच हे आज सांगते आहे.

त्यांचं ते म्हणणं मी अजून विसरलेले नाही. शेळीला खाली बसवता येत नाही हीच गोष्टीची ताकद, आणि नेमक्या त्यामुळेच ती दुबळ्याच्या विरुद्धही वापरता येते. तेव्हापासून आपण काही नियम पाळतो. गोष्टीत इमारत बोलेल, जिना बोलेल, पाण्याची टाकी बोलेल, पण ओळखू येईल असा सभासद येणार नाही. आला तर गोल सांभाळणाऱ्याने तांब्या परत मागायचा. एकाला एकच वाक्य. बोलायचं नसेल तर नुसता तांब्या पुढे द्यायचा, कारण विचारायचं नाही. कोणी कोणाचं वाक्य खोडायचं नाही. थकबाकी, तक्रार, हिशोब यांची जागा विषयपत्रिकेवर, गोष्टीत नाही. आणि गोष्ट संपली की तिचा अर्थ कोणी सांगत बसायचं नाही.

गोष्ट वेगळी आणि निर्णय वेगळा, हे मात्र मी गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाकडून शिकले. तिथे अभ्यास गटात लोक नुसतं बोलतात, समजून घेतात, तिथे निर्णय घेत नाहीत. निर्णय ग्रामसभेत होतो आणि तोही सर्वसहमतीने. त्याच गावाला 2009 मध्ये सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. आपण काही मेंढा नाही, आपल्याकडे बहुमत लागतं आणि ते ठीकच आहे. पण मत द्यायच्या आधी शेजाऱ्याचं ऐकून घ्यायला बहुमत लागत नाही.

हे सगळं आजच का सांगते आहे? कारण पुढच्या महिन्यात पुनर्विकासाच्या विषयावर विशेष सर्वसाधारण सभा आहे. त्या सभेचं चित्रीकरण होईल, तसा नियमच आहे. कॅमेरा लागला की ज्याला बोलता येतं तोच बोलतो, आणि बाकीचे मनातलं मनात घेऊन घरी जातात. चौरस फूट, भाडं, कॉर्पस यावर बोलणारे पुष्कळ आहेत, आणि ते बोललंच पाहिजे. पण ज्यांना या वयात तीन वर्षं भाड्याच्या घरात काढायची धास्ती वाटते, ज्यांचं मूल दहावीत आहे, ज्यांना नव्या इमारतीचा मेंटेनन्स झेपेल की नाही याची काळजी आहे, त्यांचं वाक्य कोण बोलणार? उद्या पुनर्विकास व्हावा की होऊ नये, ते तुम्ही मतदानाने ठरवा. माझं मत मी त्या दिवशी देईन, आज सांगणार नाही. फक्त आपल्यातला एकही जण गॅलरीत राहून जाऊ नये, एवढं बघू या.

म्हणून सगळ्यांना विनंती, त्या दिवशी अर्धा तास आधी या. मुलांनाही आणा. मघाशी ज्यांच्याबद्दल बोलले त्या गृहस्थांनी यायचं कबूल केलं आहे, आणि या वेळी गोल तेच सांभाळणार आहेत.

तांब्या मी घरून आणते.