फुग्याखालच्या सोळा नळ्या

डॉ. जयंत नारळीकर म्हटलं की तारे आठवतात, विज्ञानकथा आठवतात. जंतूंशी या गणिती माणसाचं काय नातं? पण साठीनंतर त्यांनी जंतू शोधायचंही काम अंगावर घेतलं. केंब्रिजचे त्यांचे गुरू फ्रेड हॉईल यांचं म्हणणं असं, की जीवसृष्टीचं बी धूमकेतूंनी बाहेरून आणून टाकलं. पुष्कळांनी ते हसण्यावारी नेलं. नारळीकर म्हणाले, तपासून तर पाहू.

पण तपासायचं कुठं? आता काष्टीचा शनिवारचा जनावरांचा बाजार घ्या. तिथं उठणाऱ्या धुरळ्यातही जंतू असतातच, आणि वाऱ्यासोबत ते वर चढतात. पण आपल्याकडे पावसाळी ढगांची मजल साधारण सतरा किलोमीटरपर्यंत. त्याच्या कितीतरी वर जिवंत काही मिळालं, तर ते इथलं म्हणायचं की तिथलं?

जानेवारी 2001 मध्ये आणि पुन्हा 20 एप्रिल 2005 रोजी इस्रोच्या साथीनं नारळीकरांनी हैदराबादहून फुगा सोडला. दुसऱ्या खेपेला त्याखाली पोलादाच्या 16 निर्जंतुक, निर्वात नळ्या होत्या, द्रवरूप निऑनमध्ये बुडवलेल्या. म्हणजे उणे 246 अंशांच्या आसपास. वर गेल्यावर झडप उघडायची, आत ओढली गेलेली हवा गोठायची. 20 ते 41 किलोमीटरवरची ही हवा. वरच्या टोकाला ती इथल्यापेक्षा तीनेकशे पट विरळ. भौतिकशास्त्रज्ञाची शिस्त दिसते ती इथं. जंतू पकडण्याइतकीच काळजी आपले जंतू आत न जाण्याची.

नमुने तपासले हैदराबादची सीसीएमबी आणि पुण्याची एनसीसीएस या जीवशास्त्राच्या संस्थांनी. जीवाणूंच्या 12 आणि बुरशीच्या 6 वसाहती वाढल्या. तीन जीवाणू अगदी नवे, अतिनील किरणांना चिवट. नावं ठेवली जॅनिबॅक्टर हॉयली, बॅसिलस इस्रोनेन्सिस आणि बॅसिलस आर्यभट्टाय. 2009 मध्ये हे जाहीर करताना, जंतू पृथ्वीबाहेरचेच असल्याचं सिद्ध झालेलं नाही, हेही इस्रोनं सांगून टाकलं. मला हे वाक्य शोधाइतकंच मोलाचं वाटतं.

पुढे हाच आर्यभट्टाय मध्य भारतातल्या काळ्या रानात, सोयाबीनच्या मुळांपाशी सापडला. म्हणजे हा गडी खालूनच वर गेला असावा, असं मला तरी वाटतं. जमिनीत अडकलेलं जस्त तो पिकासाठी मोकळं करतो. झिंक सल्फेटच्या गोण्या उचलणाऱ्या बागायतदारांना याचं मोल सांगायला नको. ब्राझीलमध्ये तर मक्यानं पाण्याचा ताण सोसावा म्हणून या जीवाणूचं कल्चर वापरतात.