माज पाहते कोण, सल्ला ऐकते कोण?

(शेतकरी मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



आजच्या मेळाव्यात पुढच्या रांगांत शेतकरी बंधू बसले आहेत. भगिनी मागे, मंडपाच्या कडेला आहेत आणि त्याही थोड्याच. बाकीच्या कोठे आहेत, हे आपणास सांगावयास नको. कोणी वैरण टाकीत असेल, कोणी शेण काढीत असेल. विषय पशुपालनाचा आणि पशुपालन करणारी मात्र गोठ्यात! आज मला याविषयीच बोलावयाचे आहे.

सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो. मी कृषिविद्या शिकवितो. माझा संबंध चारा पिकांशी. काही वर्षांपूर्वी एका गावात आम्ही गव्हाच्या काडावर युरियाची प्रक्रिया करून दाखविली. १०० किलो काडास ४ किलो युरिया सुमारे ५० लिटर पाण्यात विरघळून थराथरावर शिंपडावयाचा, काड दाबून ताडपत्रीखाली हवाबंद करावयाचे आणि २१ दिवसांनी जनावरांना द्यावयाचे. निकृष्ट काड त्यामुळे अधिक पचनीय व पौष्टिक होते. गावकऱ्यांना प्रयोग पसंत पडला. पुढच्या वर्षी जाऊन पाहतो, तर एकाही घरी प्रक्रिया केलेली नाही. बंधूंना विचारले, तर "सवड झाली नाही" एवढेच उत्तर मिळाले. शेवटी ओसरीवर बसलेल्या एका आजी म्हणाल्या, "साहेब, पाणी कुणी आणायचं, हे विचारलं होतं का?"

मी हिशेब केला. पाच क्विंटल काडाला २५० लिटर पाणी, म्हणजे जवळजवळ वीस हंडे. शिवाय काड तुडविणे, रोज लागेल तेवढे काढून वास जाईपर्यंत पसरून ठेवणे, ही सारी कामे घरातील बाईकडे. शिफारस चुकीची नव्हती. ज्यांच्या डोक्यावर तिचा भार पडणार होता, त्यांना आम्ही विचारलेच नव्हते.

संशोधन काय विचारते?

पशुपालन व मत्स्यपालनातील स्त्री-पुरुषांच्या कामाचा अभ्यास हेच विचारतो. काम कोण करते? निर्णय कोण घेते? जनावर कोणाच्या नावावर आहे? आलेला पैसा कोणाच्या हाती राहतो? आपल्या देशात भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने १९९६ मध्ये भुवनेश्वर येथे कृषिरत महिलांसाठी स्वतंत्र संशोधन केंद्र सुरू केले. जगाच्या पातळीवर नैरोबीच्या आंतरराष्ट्रीय पशुधन संशोधन संस्थेच्या पुढाकाराने २०१२ ते २०१६ या काळात पशुधन व मत्स्यपालनाचा जो कार्यक्रम राबविला गेला, त्यातही हा विषय होता. हा केवळ न्यायाचा प्रश्न आहे असे समजू नका. तो दुधाचा आणि पैशाचाही प्रश्न आहे.

माजाचे उदाहरण

गाय किंवा म्हैस साधारणतः २१ दिवसांनी माजावर येते. सकाळी माज दिसला तर त्याच संध्याकाळी आणि संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन करावे, हा नियम आपण अनेकदा ऐकला आहे. पण माज पाहतो कोण? पहाटे धार काढताना दूध कमी आले, वैरण तशीच राहिली, चिकट पारदर्शक सोट दिसला, हे प्रथम घरातील बाईच्या लक्षात येते. म्हशीत तर माज पुष्कळदा मुका असतो. ती ओरडत नाही. रोज हात लावणाऱ्या माणसालाच तो कळतो.

आता घरोघरी काय घडते ते पाहा. माजाची माहिती देणाऱ्या शिबिराला घरधनी जातो. बाईला जनावर वेगळे वागते आहे एवढे कळते, पण त्याचा अर्थ कोणी सांगितलेला नसतो. अर्थ कळला, तरी डॉक्टरांना बोलवावयाचे की नाही हे घरधनी ठरविणार आणि तो शेतातून अंधार पडल्यावर येणार. वेळ टळते. मग आणखी २१ दिवस थांबावे लागते. भाकड जनावराला वैरण मात्र रोज लागते! कासदाहाचेही असेच आहे. दुधातील गुठळी प्रथम धार काढणाऱ्या हाताला दिसते. औषधाचा निर्णय मात्र दुसरीकडे होतो.

तळ्यातील मासळी

मासळीचेही असेच. बांगलादेशात घराजवळच्या तळ्यात मोठ्या माशांबरोबर मोला ही बोटाएवढी मासळी वाढविली जाते. ती सगळीच्या सगळी खाल्ली जाते आणि 'अ' जीवनसत्त्वाने समृद्ध आहे, मुलाबाळांना उत्तम. पण ओढजाळे टाकणे हे पुरुषांचे काम. त्यामुळे मासळी दारात असूनही बाईला हवी तेव्हा मिळत नसे. तेव्हा तेथील संशोधकांनी बायकांना काठावरून वापरता येईल असे लहान जाळे तयार केले. वापरणार कोण, हे आधी पाहिले म्हणून जाळे बदलले. आपल्याकडे शेततळ्यात मासे सोडणाऱ्यांनीही विचारावे, की रोज खाद्य कोण टाकते आणि प्रशिक्षणाला कोण गेले?

आपण काय करावे?

१. आज घरी गेल्यावर कागदावर चार रकाने आखा : काम, करणारी व्यक्ती, निर्णय घेणारी व्यक्ती, पैसा घेणारी व्यक्ती. वैरण, धार, शेण, औषध, दूध घालणे, विक्री ही सारी कामे त्यात लिहा. कागद दोघांनी मिळून भरा.

२. गोठ्यात दिनदर्शिका टांगा. माजाची तारीख जिला दिसली तिनेच मांडावी. पशुवैद्यकाचा दूरध्वनी क्रमांक तिच्याजवळ असावा आणि बोलावण्याची मुभाही.

३. पशुपालनाच्या शिबिराला गोठा सांभाळणाऱ्या व्यक्तीला पाठवा. त्या दिवसाची धार-वैरण दुसऱ्याने करावी. गावात पशुसखी असेल तर तिची मदत घ्या.

४. दूध संस्थेचे सभासदत्व व खाते धार काढणारीच्या नावे करण्याचा विचार करा.

आम्हा शास्त्रज्ञांवरही जबाबदारी आहे. शिबिराची वेळ धारेच्या वेळेवर येऊ नये आणि नवी शिफारस करताना 'पाणी कोण आणणार' हे आधी विचारावे, हा धडा मी त्या आजींकडून शिकलो.

बंधूंनो, पुढील मेळाव्याला एकटे येऊ नका. भगिनींनो, आपण मागे बसू नका. गोठ्यातले जे आम्हांला ठाऊक नाही, ते आपणांस ठाऊक आहे.