बाबा सालाचा विनोद कसा ऐकावा

मोझेस ओलाइया अडेजुमो हे नायजेरियातील दूरचित्रवाणीच्या पहिल्या पिढीचे सर्वांत लोकप्रिय विनोदी नट. त्यांना ओळखत ते मात्र बाबा साला या नावाने. त्यांनी रंगवलेल्या म्हाताऱ्याचे हे नाव पुढे त्यांनाच कायमचे चिकटले. योरुबा भाषेत बोलणारा हा म्हातारा कंजूष, हावरट, बायकांच्या मागे लागणारा आणि स्वतःला फार शहाणा समजणारा. तरीही पश्चिम नायजेरियातील घराघरांत त्याच्यावर जीव टाकणारी माणसे होती. एवढे दुर्गुण असलेला माणूस लोकांना इतका आवडावा, याचे कारण त्याच्या पोशाखात शोधून सापडत नाही. ते त्याच्या बोलण्यात आहे.

ओलाइयांचा जन्म 1936 सालचा. योरुबा मुलखातील इलेशा हे त्यांचे गाव. त्यांची सुरुवात नाटकात नव्हे, संगीतात झाली. पश्चिम आफ्रिकेतील नाचगाण्याच्या जलशांत त्या काळी ‘हायलाइफ’ संगीताची चलती होती. ओलाइयांनी ‘फेडरल ऱ्हिदम डँडीज’ नावाचा वाद्यवृंद उभा केला. पुढे जुजू संगीतात जगभर नाव कमावलेले सनी अडे 1960च्या दशकात याच वृंदात गिटार वाजवत होते. ओलाइयांच्या चरित्रात ही वर्षे सहसा दोन ओळींत उरकली जातात. त्यांचा विनोद समजून घ्यायचा असेल, तर खरी किल्ली मात्र इथेच आहे. कुठे थांबायचे आणि पुन्हा कुठे उचलायचे, हे वादकाला शिकावेच लागते. ओलाइयांची सारी वाक्ये याच हिशेबाने पडतात.

योरुबा प्रदेशात फिरत्या नाटकमंडळ्यांची परंपरा मोठी. ह्यूबर्ट ओगुंडे यांनी 1940च्या दशकात आपली मंडळी काढली. कोला ओगुन्मोला आणि डुरो लाडिपो त्यांच्यानंतरचे. मोटारीत सामान आणि माणसे भरून ही मंडळी गावोगाव जात आणि शाळांच्या किंवा नगरपालिकेच्या सभागृहांत खेळ करत. धार्मिक कथा, इतिहास, पुराण, राजकारण असे त्यांचे विषय असत. विनोद असायचा, पण तोंडी लावण्यापुरता. ओलाइयांनी त्याचेच जेवण केले. ‘अलावादा’ ही त्यांची मंडळी सबंध खेळ विनोदावर उभा करू लागली.

इबादान शहरात 31 ऑक्टोबर 1959 रोजी पश्चिम प्रांताचे दूरचित्रवाणी केंद्र सुरू झाले. नायजेरियातील हे पहिलेच केंद्र. लोकांच्या भाषेतले कार्यक्रम त्याला हवे होते आणि नाटकमंडळ्यांकडे ते तयार होते. बाबा साला पडद्यावर आला तो याच वाटेने. या मंडळ्यांत लिहिलेली संहिता क्वचितच असे. प्रमुख नट गोष्ट सांगे, प्रसंग वाटून देई आणि संवाद प्रत्येकाने जागच्या जागी रचायचे. तमाशातील बतावणी ऐकलेल्याला ही रीत परकी वाटणार नाही. समोरचा काय बोलतो ते नीट ऐकल्याशिवाय अशा नाटकात पुढचे वाक्य सुचतच नाही. म्हणून ओलाइयांचे ऐकणे हाही त्यांच्या अभिनयाचाच भाग ठरतो.

पोशाखाबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. गळ्यात अवाढव्य बो, डोळ्यांवर भलीमोठी चष्म्याची चौकट, आणि मनगटी घड्याळाऐवजी एक मोठे थोरले घड्याळ. हे पाहून बाहेरच्या माणसाला लगेच चॅप्लिन आठवतो. ही तुलना सोपी आहे आणि ती ओलाइयांवर अन्याय करते. चॅप्लिनच्या कलेला शब्दांची गरज नव्हती. बाबा सालाचे मात्र शब्द काढून घेतले, तर मागे नुसता विचित्र कपड्यांतला म्हातारा उरतो. पोशाखाने पहिले हसू मिळते, पण अर्धा तास माणसे धरून ठेवते ती जीभ.

योरुबा ही सुरांची भाषा आहे. वरचा, मधला आणि खालचा असे तीन सूर तिच्यात आहेत. तेच वर्ण वेगळ्या सुरात उच्चारले की अर्थ बदलतो. डुंडुन नावाचा ढोल शब्दांशिवाय ‘बोलतो’, तो याच सुरांच्या आधारावर. अशा भाषेत कोटी करायला सूर किंचित घसरला तरी पुरते. बाबा साला समोरच्याचे बोलणे उलट्या अर्थाने घेतो आणि त्या चुकीच्या अर्थावर ठाम राहून वाद घालतो. भाषा न कळणाऱ्यालाही त्यातला ताल ऐकू येतो. प्रश्न येतो, मग क्षणभर काहीच नाही, आणि नंतर अतिशय गंभीर आवाजात उत्तर. ओलाइया स्वतः हसत नाहीत, आवाजही चढवत नाहीत. हशा त्या थांबण्यात पिकतो.

1970च्या दशकात तेलाच्या पैशाने नायजेरिया झपाट्याने बदलला. झटपट श्रीमंती आणि तिचे प्रदर्शन जागोजागी दिसू लागले. बाबा सालाचा हावरटपणा त्या काळाला चपखल बसला. उपदेशाचे एक वाक्यही न उच्चारता हा म्हातारा प्रेक्षकांना त्यांचीच हाव दाखवत होता.

1982 साली ‘ओरुन मूरु’ हा त्यांचा पहिला चित्रपट आला. दिग्दर्शन ओला बालोगुन यांचे. कर्ज काढून केलेल्या या चित्रपटाच्या चोरट्या व्हिडिओ कॅसेट बाजारात पसरल्या आणि ओलाइया आर्थिकदृष्ट्या कोसळले. त्यानंतरही ‘आरे अग्बाये’ आणि ‘मोशेबोलातान’ हे चित्रपट त्यांनी केले, पण तो घाव भरून निघाला नाही. ज्या कॅसेटच्या धंद्याने त्यांना बुडवले, त्याच धंद्याच्या वाटांवरून पुढे 1990च्या दशकात नायजेरियाचा व्हिडिओपट उद्योग वाढला. या उद्योगातील विनोदी नटांवर बाबा सालाचे ऋण आहे.

7 ऑक्टोबर 2018 रोजी मोझेस ओलाइया यांचे निधन झाले. त्यांच्या कामाच्या ज्या चित्रफिती आज मिळतात, त्या पाहताना घड्याळ आणि बो यांवर नजर खिळून राहते. श्रोत्यांनी त्यातला एखादा प्रसंग आधी पडद्याकडे पाठ करून ऐकावा आणि मगच पाहावा. भाषा कळली नाही तरी चालेल; हा नट मुळात वादक होता, हे कानांना पटल्याशिवाय राहणार नाही.