पांच भाऊ आणि एक आई
(ज्युबिली-समारंभांत केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं आपण आपल्या धर्मग्रामाच्या पूर्वजांचें स्मरण करीत आहों. आपल्या किनाऱ्यावरील कित्येक घरांचा समुद्र हाच अन्नदाता. समुद्रावर गेलेल्या मुलाची वाट पाहणें म्हणजे काय, हें आपल्या मातांना सांगावयास नको. म्हणून आज अशाच एका घराची हकीकत आपणांपुढें ठेवितों. तें घर परदेशांतील आहे. पण त्याची श्रद्धा आपलीच होती.

अमेरिकेंतील आयोवा संस्थानांत वॉटर्लू नांवाचें शहर आहे. तेथील टॉमस सलिव्हन हे रेल्वेच्या मालगाडीवर नोकरी करीत. पत्नी अलीटा, एक कन्या, आणि जॉर्ज, फ्रान्सिस, जोसेफ, मॅडिसन व आल्बर्ट हे पांच पुत्र, असें हें आयरिश वंशाचें कॅथलिक कुटुंब. डिसेंबर १९४१ मध्यें पर्ल हार्बरवर हल्ला झाला, त्यांत या मुलांचा एक मित्र 'ॲरिझोना' जहाजावर मारला गेला. तेव्हां पांचही भाऊ आरमारांत जाण्यास निघाले. त्यांची अट एकच होती, ती ही कीं, आम्हांस एकत्र ठेवावें. धाकटा आल्बर्ट विवाहित होता व घरीं तान्हा मुलगा होता. तरी तोही मागें राहिला नाहीं. ३ जानेवारी १९४२ रोजीं त्यांची भरती झाली, आणि पांचही जण 'जूनो' या क्रूझरवर रुजू झाले.

१३ नोव्हेंबर १९४२ च्या रात्रीं ग्वादलकनाल बेटाजवळ घनघोर लढाई होऊन 'जूनो' जायबंदी झालें. सकाळीं तें परतत असतां जपानी पाणबुडीच्या टॉर्पेडोनें त्याचा स्फोट झाला व क्षणार्धांत तें बुडालें. पाणबुडीच्या भयानें सोबतचीं जहाजें न थांबतां पुढें गेलीं. सुमारें शंभर माणसें पाण्यांत तरंगत राहिलीं. शोधास दिवसांमागून दिवस गेले, आणि अखेर अवघे दहाजण वांचले. त्यांच्या सांगण्याप्रमाणें थोरला जॉर्ज तराफ्यावर कांहीं दिवस जिवंत होता व आपल्या भावांना हांका मारीत होता. शेवटीं तोही समुद्रांत नाहींसा झाला.

इकडे घरीं पत्रें येणें थांबलें. गांवांत कुजबूज सुरू झाली. तेव्हां जानेवारी १९४३ मध्यें त्या मातेनें आरमाराच्या कचेरीस पत्र लिहून खरें काय तें विचारिलें. त्याच पत्रांत तिनें लिहिलें कीं, एका नव्या जहाजाचें नामकरण करण्याचें मीं मान्य केलें आहे. मुलांस कांहीं झालें असलें तरी मी तें करीन, कारण त्यांची इच्छा तशीच होती. १२ जानेवारीस अधिकारी दारीं आले. पांचांपैकीं कोण, असें बापानें विचारिलें. पांचही, असें उत्तर मिळालें. त्या दिवशींही टॉमस आपल्या गाडीवर कामास गेले, असें सांगतात. आणि आईनें दिलेला शब्द पाळिला: २२ फेब्रुवारी रोजीं 'टवासा' जहाजाचें नामकरण तिच्याच हस्तें झालें. परमपूज्य पोप बारावे पायस यांनीं त्या मातापित्यांस रुप्याचें पदक व जपमाळ पाठविली. पुढें एप्रिलमध्यें 'द सलिव्हन्स' ही विनाशिका आईच्याच हस्तें पाण्यांत उतरली.

बंधुभगिनींनो, भावांनीं एकत्र राहावें, याहून गोड इच्छा घराला कोणती? पण त्याच इच्छेनें एका घटकेंत घर रितें केलें. यांत त्यांना दोष देण्याचें धाडस मी करणार नाहीं. एवढेंच म्हणतों कीं, प्रेम हा विमा नव्हे. १९४८ च्या अमेरिकन कायद्यानें, युद्धांत भावंडें गमावून एकटाच उरलेल्या पुत्रास सक्तीच्या भरतींतून सूट दिली.

'जूनो' बुडाल्यानंतर अवघ्या दहा दिवसांनीं, २३ नोव्हेंबर १९४२ रोजीं, मुंबईहून आफ्रिकेस निघालेलें 'टिलावा' हें जहाजही जपानी पाणबुडीनें बुडविलें. त्यांत २८० माणसें गेलीं. त्यांच्या मातांची नांवें कोणत्याही जहाजावर कोरलेलीं नाहींत. 'जूनो' २०१८ सालीं सुमारें ४,२०० मीटर खोल सांपडलें. पण ज्यांचें कांहींच सांपडलें नाहीं, असे कितीतरी आहेत.

तेव्हां आज घरीं गेल्यावर माळेचा एक दशक अशा सर्वांसाठीं म्हणावा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतों.