‘भागीदार’ कोणाला म्हणावें?

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त श्रमिक संत योसेफ यांच्या सणाच्या दिवशीं केलेलें भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगीं पूर्वजांचें गुणगान करावें, अशी रीत आहे. ज्यांनीं दिवसभर शेतांत राबून संध्याकाळीं या मंदिरासाठीं धोंडे वाहिले, त्यांचें स्मरण आपण सकाळच्या मिस्साबलिदानांत केलेंच आहे. आतां त्यांच्या नातवंडांविषयीं मला दोन शब्द बोलावयाचे आहेत.

आपले कित्येक तरुण आज पाठीवर पेटी बांधून दुचाकीवरून घरोघरीं अन्न व माल पोहोंचवितात. गेल्या पावसाळ्यांत त्यांपैकीं एकजण रात्रीं घसरून पडला व त्याचा पाय मोडला. मी भेटावयास गेलों, तेव्हां तो म्हणाला, “फादर, कंपनी म्हणते, तूं आमचा नोकर नाहींस, भागीदार आहेस.” तीन महिने तो घरीं बसून होता, पगार नाहीं, रजा नाहीं, औषधाचा खर्च आईच्या बांगड्या मोडून झाला. नफ्यांत ज्याचा वांटा नाहीं, आणि अपघातांत मात्र सगळा वांटा ज्याचा, तो भागीदार कसला?

हा वाद शब्दांचा वाटतो. वस्तुतः तो भाकरीचा आहे. कायदा ज्याला नोकर मानतो, त्याला भविष्यनिर्वाह निधि, निवृत्तिवेतन व ग्रॅच्युइटी यांचा आधार मिळूं शकतो. ज्याला मानीत नाहीं, त्याचें म्हातारपण उघड्यावर पडतें. परंतु कामाचा दर कोण ठरवितो? कोणत्या वाटेनें जावें, हें कोण सांगतो? न ऐकल्यास खातें बंद कोण करतो? ज्याच्या हातीं हुकूम, तोच धनी. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानें फेब्रुवारी २०२१ मध्यें उबर कंपनीच्या मोटारचालकांविषयीं हाच न्याय दिला. करारांतील शब्दांपेक्षां प्रत्यक्ष व्यवहार पाहावा, असें ठरवून त्यांना किमान वेतन व पगारी रजा यांचा हक्क असलेले कामगार मानिलें.

आपल्या देशांत सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ रोजीं अमलांत आली. तिनें अशा श्रमिकांची प्रथमच नांवानिशीं दखल घेतली, हें चांगलें झालें. कंपन्यांनीं वार्षिक उलाढालीच्या शेंकडा १ ते २ इतकी रक्कम, परंतु श्रमिकांना दिलेल्या मोबदल्याच्या शेंकडा ५ हून अधिक नव्हे, सामाजिक सुरक्षा निधींत भरावी, असें तींत आहे. अपघात, आरोग्य व वार्धक्य यांच्या योजना त्यांतून व्हावयाच्या आहेत. तथापि या श्रमिकांना तिनें धनी-नोकर या नात्याबाहेरच ठेविलें आहे, आणि योजना करण्याचें काम सरकारवर सोपविलें आहे. योजना म्हणजे हक्काचें निवृत्तिवेतन नव्हे. ती मागून, पाठपुरावा करून मिळवावी लागते.

कोणी म्हणेल, आज एक धनी व उद्यां दुसरा, अशांचा हिशेब कोणीं ठेवावा? या प्रश्नाचें उत्तर महाराष्ट्रानें १९६९ सालींच दिलें आहे. माथाडी हमालहि आज या पेढीचा, उद्यां त्या पेढीचा बोजा उचलीत. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालीं ते संघटित झाले व माथाडी कायदा झाला. मंडळाकडे हमाल व मालक या दोघांचीहि नोंद होऊं लागली. मालकानें मजुरी व तिच्यावरील लेव्ही मंडळांत भरावी, आणि त्यांतून भविष्यनिर्वाह निधि व ग्रॅच्युइटीची सोय व्हावी, अशी व्यवस्था झाली. ही कोणाची भीक नव्हती. तें एकजुटीचें फळ होतें.

संघटना हा शब्द ऐकून कांहीं श्रद्धावंत बिचकतात. त्यांनीं लक्षांत घ्यावें कीं, पोप लिओ तेरावे यांनीं १८९१ सालच्या ‘रेरुम नोवारुम’ या परिपत्रकांत मजुरांचा संघ स्थापण्याचा हक्क मान्य केला आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनीं १९८१ सालीं वार्धक्यांतील निवृत्तिवेतन हा श्रमिकाचा हक्क म्हटला. आणि २०२५ सालीं निवडून आलेल्या पोपमहोदयांनीं लिओ हें नांव घेतांना याच परिपत्रकाचा दाखला दिला.

म्हणून तरुणांनो, ई-श्रमवर आपली नोंद करा, आपल्या फेऱ्यांचा हिशेब स्वतः लिहून ठेवा, आणि एकएकटे राहूं नका. येत्या रविवारपासून मिस्सानंतर धर्मग्रामाच्या सभागृहांत नोंदणीसाठीं साह्य मिळेल. वडीलधाऱ्यांनो, दारीं आलेल्या मुलाला पाणी विचारा. मींहि एकदां दहा मिनिटांच्या उशिराबद्दल अशाच एकाला बोललों होतों. हेल्मेट काढल्यावर तो माझ्याच हातून प्रथम ख्रिस्तशरीर घेतलेला मुलगा निघाला. ती लाज मला अजून पुरते.

आपल्या पूर्वजांनीं आपल्यासाठीं मंदिर बांधलें. आपण आपल्या मुलांच्या म्हातारपणासाठीं निदान पाया तरी घालूं या. श्रमिक संत योसेफ आपणां सर्वांसाठीं विनंती करोत.