गावाची नोंदवही गावाच्या हातात
(गोंदिया जिल्हा मेळाव्यातील भाषण)



धानाच्या भावाविषयी, बोनसविषयी आणि पंपाच्या विजेविषयी बोलायला या मंडपात बरेच जाणकार बसले आहेत. मी आज वेगळ्या मालाविषयी बोलणार आहे. या मालाचा सातबारा तुमच्या नावावर नाही, पण तो तुमच्याच बांधीत, बोडीत आणि जंगलात तयार होतो. मोहफूल, टोरी, चारोळी, हिरडा, बेहडा, तेंदूपान, तलावातली मरळ आणि बांधीत घरटं करणारा सारस. कागदावर या सगळ्याला जैवविविधता म्हणतात. शब्द जड आहे, गोष्ट रोजची आहे.

२००२ मध्ये केंद्र सरकारनं जैवविविधता कायदा केला. त्या कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीत एक समिती ठेवली. सुरुवातीच्या नियमांत एक अध्यक्ष आणि जास्तीत जास्त सहा सभासद, त्यांत किमान एक तृतीयांश महिला, अशी रचना होती. त्या समितीनं गावातल्या लोकांना विचारून लोक जैवविविधता नोंदवही तयार करायची. गावात काय उगवतं, काय पोहतं, काय उडतं, कोणत्या झाडाचा काय उपयोग लोकांना माहीत आहे, हे सगळं त्या वहीत. व्यापारासाठी कोणी तुमच्या हद्दीतून असा माल गोळा करायला आला, तर त्याच्यावर शुल्क बसवण्याचा अधिकारही याच समितीला कलम ४१ नं दिला. म्हणजे कायद्यानं गावाच्या हातात हिशोबाची वही दिली आणि नाक्यावरची पावतीही दिली.

मग घडलं काय? वर्षानुवर्षं काहीच घडलं नाही. २०१६ मध्ये सगळ्या देशात मिळून जेमतेम ९,७०० समित्या होत्या. प्रकरण राष्ट्रीय हरित लवादाकडे गेलं. ऑगस्ट २०१९ मध्ये लवादानं सांगितलं, ३१ जानेवारी २०२० पर्यंत सगळ्या समित्या आणि वह्या पूर्ण करा, नाहीतर पुढे दर महिन्याला राज्यानं दहा लाख रुपये भरावेत. मग काय विचारता! जानेवारी २०२० पर्यंत समित्यांचा आकडा २ लाख ४३ हजारांच्या वर गेला. जे काम सतरा वर्षांत झालं नाही ते दंडाच्या भीतीनं काही महिन्यांत झालं.

आता तुम्ही शेतकरी आहात. तुम्हाला माहीत आहे, घाईनं केलेल्या रोवणीला किती फुटवे येतात. मुदत गाठायची म्हणून ठिकठिकाणी सल्लागार नेमले गेले, संस्थांना कंत्राटं मिळाली. त्यांत मन लावून काम करणारे आहेत, हे मी आधी सांगतो. वनस्पतीचं शास्त्रीय नाव लिहायला, नकाशा करायला जाणता माणूस लागतोच. पण एका गावाची वही दुसऱ्या गावाला चिकटवता येते, हेही खरं आहे. अशा वहीत तुमच्या तलावातले मासे नसतात, पुस्तकातले असतात. तुमच्या बांधीतलं जुनं धान नसतं, कोणत्या तरी यादीतलं असतं.

कोणी म्हणेल, वही चुकली तर आमचं काय बिघडलं? धानाला का भाव मिळणार आहे तिनं? बिघडतं ते असं. ज्या मालाची नोंद नाही, त्याचा धनी कोण हे सिद्ध करता येत नाही. धनी ठरला नाही, तर भाव मागणार कोण?

उत्तराखंडात दिव्य फार्मसी या आयुर्वेदिक औषधांच्या कारखान्याकडे तिथल्या राज्य मंडळानं लाभातला वाटा मागितला. कारखान्याचं म्हणणं असं, की आम्ही भारतीय, आम्हाला हे लागू नाही. २१ डिसेंबर २०१८ रोजी उत्तराखंड उच्च न्यायालयानं निकाल दिला, की जंगलातला माल वापरणाऱ्या देशी कंपनीनंही हा वाटा द्यायचा आहे. २०१४ च्या नियमांत हा वाटा खरेदीच्या किमतीवर व्यापाऱ्याला एक ते तीन टक्के आणि उत्पादकाला तीन ते पाच टक्के असा होता. २०२३ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन काही सवलती दिल्या गेल्या आणि २०२५ मध्ये कंपनीच्या उलाढालीवर दर ठरवणारे नवे नियम आले. दर बदलतील, पुन्हा बदलतील. पण वाटा कोणत्या गावाचा, हा प्रश्न आला की वहीच उघडावी लागेल. ती कोरी निघाली तर वाटा सरकारी खात्यात पडून राहील.

आपला जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही, म्हणून पेसा कायदा इथं लागू नाही. पण २००६ चा वनहक्क कायदा लागू आहे आणि गौण वनोपजाची मालकी तो देतो. शेजारी गडचिरोलीत मेंढा-लेखा गावानं २०११ मध्ये स्वतःचा बांबू स्वतःच्या वाहतूक पासावर विकला. २०१३ पासून गोंदिया आणि गडचिरोलीतल्या काही ग्रामसभांनी तेंदूपानाचा लिलाव स्वतः केला. हा हक्क आणि ही नोंदवही, दोन्ही एकाच गाडीचे बैल आहेत. एकाला जुंपून दुसऱ्याला सोडलं तर गाडी वळसे घेत राहील.

आता सारसाचं बघा. राज्यात सारस टिकला तो मुख्यतः आपल्या जिल्ह्यात. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली. हा पक्षी जगला तो मालगुजारी तलावांवर आणि तुमच्या धानाच्या बांधीत. पावसाळ्यात तो बांधीत घरटं करतो, एक-दोन अंडी घालतो आणि शेतकरी तेवढा तुकडा सोडून देतो. पर्यटकाला फोटो मिळतो, अहवाल लिहिणाऱ्याला मानधन मिळतं. धान सोडणाऱ्याला काय मिळतं? संवर्धनाचा खर्च एकाच्या शेतावर आणि लाभ दुसऱ्याच्या खात्यावर, हा हिशोब फार दिवस चालत नाही. सारसाचं घरटं कोणाच्या धुऱ्याला लागून होतं आणि किती धान सोडलं, हेही नोंदवहीत लिहा. भरपाई मागताना हातात कागद पाहिजे.

दुसरी बाजूही स्पष्ट बोलतो. बांधीत रानडुक्कर शिरतो, रात्रभर जागावं लागतं, पंचनामा लांबतो. राग येतो, तो खोटा नाही. पण कुंपणात वीज सोडू नका. नागझिऱ्यातून उमरेड-कऱ्हांडल्याला गेलेल्या जय वाघाचा बछडा श्रीनिवास २०१७ मध्ये नागभीडजवळ शेताच्या वीजकुंपणानं मेला. त्या तारेला वाघ काय आणि पहाटे पाणी पाहायला निघालेला शेजारी काय, सारखेच. वाघ मेला तर किमान तीन वर्षं कैद आहे. डुकराच्या उपद्रवासाठी कलम ११ प्रमाणे परवानगी मागता येते, ती गावानं एकत्र मागा.

आणि खवल्या मांजराचे खवले, मांडूळ, वाघाची कातडी मागत गावात फिरणारा माणूस तुमचा सोयरा नाही. मांडुळानं धन मिळतं ही शुद्ध थाप आहे. हा व्यापार रोखणारा आंतरराष्ट्रीय करार १९७५ पासून लागू आहे आणि भारत १९७६ पासून त्यात आहे. माल परदेशात जातो, पैसा दलालाकडे राहतो आणि तुरुंगात जातो तो आपला पोरगा. मोहाच्या व्यापारात आपल्याला भाव मिळत नाही, या व्यापारात जन्म जातो.

तेव्हा घरी गेल्यावर काय करायचं?

ग्रामपंचायतीत जाऊन वही दाखवा म्हणा. ती तुमचीच आहे. पुढच्या ग्रामसभेत मोठ्यानं वाचून घ्या. तलावात उतरणाऱ्या ढिवर भावांना, मोह वेचणाऱ्या बायांना विचारून चुका दुरुस्त करा. अर्जुनी-मोरगाव भागात ढिवर समाजाच्या लोकांनी तलावातली बेशरम काढून देशी पाणवनस्पती लावल्या आणि देशी मासे परत आणले. त्यांना जे माहीत आहे ते कोणत्या सल्लागाराच्या पुस्तकात आहे?

सल्लागार आला तर चहा पाजा आणि चार प्रश्न विचारा. गावात किती दिवस राहणार? कोणाकोणाला भेटणार? वही ग्रामसभेत वाचून दाखवणार का? वैदूनं सांगितलेलं औषध त्याच्या संमतीशिवाय छापणार नाही ना? उत्तरं पटली तर त्याला सोबत घ्या. पटली नाहीत तर सही करू नका.

शेताचा हिशोब दुसऱ्याला लिहू दिला, तेव्हा सावकार मोठा झाला. ही वही तरी आपण आपल्या हातानं लिहू या.