शिक्षा राज्याला की जन्माला?

(पेण व रोहा येथील कार्यकर्त्यांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



समजा, पेणच्या कबड्डी स्पर्धेत रोह्याकडील एका गावाचा संघ उतरायचा आहे आणि त्या गावच्या पंचायतीने शेजारच्या वाडीचे पाणी अडवले आहे. पंचायतीच्या नावाने येणारा संघ आयोजकांनी नाकारला, तर ते समजू शकते. परंतु त्या गावात केवळ जन्मलेला, पोटासाठी दुसरीकडे खेळणारा चढाईपटू परत पाठवावा काय?

२०२२ साली टेनिसच्या जगापुढे हाच प्रश्न उभा राहिला. फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. मार्चमध्ये रशिया व बेलारूस यांचे संघ डेव्हिस चषकातून वगळण्यात आले. रशिया त्या वेळी गतविजेता होता. हा निर्णय योग्यच होता, कारण राष्ट्रसंघ राज्याचा ध्वज घेऊन उतरतो. एप्रिलमध्ये मात्र विम्बल्डनने या देशांच्या खेळाडूंना व्यक्ती म्हणूनही मज्जाव केला. त्या वर्षी महिला एकेरीचे विजेतेपद मिळवले ते मॉस्कोत जन्मलेल्या, पण कझाकस्तानतर्फे खेळणाऱ्या एलेना रायबाकिनाने. पारपत्र बदलले की दोष फिटला! २०२३ मध्ये ही बंदी उठवावी लागली.

हा फरक भारताने फार पूर्वी ओळखला होता. १९७४ साली पुण्यात सोव्हिएत संघाचा पराभव करून भारत डेव्हिस चषकाच्या अंतिम फेरीत पोहोचला. समोर वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिका होती. भारताने खेळण्यास नकार दिला आणि चषक प्रतिस्पर्ध्याकडे न खेळताच गेला. तो चषक भारताला आजतागायत मिळालेला नाही. अमृतराज बंधूंच्या पिढीने ही किंमत मोजली. दक्षिण आफ्रिकेत अन्याय खुद्द खेळाच्या मैदानावर होता, आणि बहिष्काराची हाक तेथील पीडितांचीच होती. तरीही दक्षिण आफ्रिकेचे खेळाडू व्यक्ती म्हणून विम्बल्डनमध्ये खेळतच राहिले. १९८३ साली केव्हिन करन उपान्त्य फेरीपर्यंत गेला.

युक्रेनच्या खेळाडूंनीही बंदीची मागणी केली होती, हे येथे लपवून चालणार नाही. ज्यांच्या घरांवर बाँब पडत होते, त्यांना तो अधिकार होता. जे रशियन खेळाडू युद्धाचा निषेध करणार नाहीत त्यांना वगळा, असे त्यांचे म्हणणे होते. परंतु मार्च २०२२ च्या रशियन कायद्यान्वये लष्कराविषयी ‘खोटी माहिती’ पसरवणाऱ्यास पंधरा वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. ज्यांचे आईबाप रशियात आहेत, त्यांच्याकडून लंडनमध्ये बसून निषेधाची अट घालणे म्हणजे दुसऱ्याच्या जिवावर शौर्य गाजवणे होय. आंद्रे रुबलेवने तर आक्रमणाच्या पहिल्याच दिवसांत दुबईला कॅमेऱ्याच्या काचेवर ‘युद्ध नको’ असे लिहिले होते. तोही वगळला गेला.

मग ही बंदी कोणाला स्वस्त पडली? नागोठण्याच्या कामगाराला तेल व वायू यांचे मोल सांगावे लागत नाही. विम्बल्डनचे दार बंद झाले, त्या वसंतात युरोप रशियाचा वायू विकत घेतच होता. पुढे भारतानेही रशियन तेलाची खरेदी प्रचंड वाढवली. युद्धाची तिजोरी भरत राहिली; दंड मात्र रॅकेट हाती असलेल्यांना झाला.

महाराष्ट्राने या बाबतीत इतरांना उपदेश करण्यापूर्वी २०१३ आठवावे. सीमेवरील तणावानंतर धमक्या आल्या आणि महिला क्रिकेट विश्वचषकातील पाकिस्तानचे सामने मुंबईहून कटकला हलवावे लागले. तेथे त्या मुलींना स्टेडियमच्याच आवारात मुक्काम करावा लागला. स्वतःच्या समाजातील विरोध पत्करून ज्या मुली मैदानावर आल्या, त्यांनाच मुंबईने दार लावले. रावळपिंडीतील सेनापतींचे त्यात काय बिघडले?

जन्मावरून माणसाला मैदानाबाहेर ठेवण्याची रीत या देशाला नवी नाही. तिच्याविरुद्ध लढण्यातच आपली हयात गेली आहे. म्हणून बहिष्काराचे हत्यार टाकून देऊ नका, पण ते राज्यावर उगारा. आणि पुढच्या वेळी बंदीची घोषणा कानावर आली की आधी विचारा : या बंदीची किंमत घोषणा देणारा स्वतः मोजणार आहे काय?